जोतीरावांचे कंत्राट आणि आमची कंत्राटी नोकरी

अकोले तालुक्यातल्या माणसाला धरण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. भंडारदऱ्याचे दगडी धरण १९१० ते १९२६ या काळात प्रवरा नदीवर उभे राहिले. त्याला नाव मिळाले ते इंग्रज गव्हर्नर विल्सन साहेबाचे. दगड फोडणारे, चुना मळणारे, पाट्या वाहणारे हात मात्र कोणत्याही शिळेवर कोरलेले नाहीत. धरण कोणतेही असो, त्यावर तीन प्रकारची माणसे राबतात. एक सरकारी पगारावरचा इंजिनिअर आणि कारकून, दुसरा काम घेणारा कंत्राटदार आणि तिसरा कंत्राटदाराच्या हाताखालचा मजूर. पहिल्याला महिन्याच्या महिन्याला पगार, दुसऱ्याला बिल निघाले की नफा आणि तिसऱ्याला हजेरी लागली तर मजुरी. या उतरंडीत आमचा बहुजन समाज पिढ्यान्‌पिढ्या कुठे उभा राहिला, हे आम्ही वाचकांना सांगण्याची गरज नाही.

हे आठवण्याचे कारण असे की, अकोल्यातल्या आमच्या ओळखीच्या एका तरुणापुढे आज तीन वाटा आहेत. त्याने स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेतली आहे. पहिली वाट म्हणजे एका एजन्सीमार्फत सरकारी कचेरीत अकरा महिन्यांची कंत्राटी नोकरी. दुसरी वाट म्हणजे सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून बांधकाम खात्यात नाव नोंदवून छोटी कामे घेणे. तिसरी वाट म्हणजे वय निघून जाण्याआधी कायम पदाच्या परीक्षा देत राहणे. अशा पेचात तो असताना जयंतीच्या एका कार्यक्रमात एका पुढाऱ्याने त्याला उपदेश केला की, नोकरीच्या मागे लागू नका, जोतीराव फुले स्वतः कंत्राटदार होते, त्यांचा आदर्श घ्या. टाळ्या पडल्या. आम्हीही तिथे होतो. आम्ही टाळी वाजवली नाही, कारण ते अर्धेच सत्य होते. क्रांतिबा जोतीराव फुले कंत्राटदार होते हे खरे. पण ते कंत्राटदार का झाले, त्यातून त्यांनी काय मिळवले आणि शेवटी त्याची काय किंमत मोजली, हे पुढाऱ्याने सांगितले नाही. म्हणून ते आज सांगणे आम्हाला भाग आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी पुण्यात माळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ नाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे फुले हे नाव पडले. वडील गोविंदराव यांची शेती होती, फुलांचा व्यापार होता. म्हणजे घर कष्टाचे, पण कोणाच्या चाकरीचे नव्हे. १८४७ साली जोतीरावांनी स्कॉटिश मिशनच्या शाळेतले इंग्रजी शिक्षण पुरे केले. त्या काळी इंग्रजी शिकलेला माणूस हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. कंपनी सरकारच्या कचेऱ्यांना अशा तरुणांची गरज होती. जोतीरावांचे जिवलग मित्र सदाशिवराव गोवंडे सरकारी नोकरीत गेले. नोकरीनिमित्त ते आमच्या नगरला असताना जोतीराव त्यांच्याकडे आले आणि तिथे त्यांनी मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली. एक मित्र नगरला नोकरी करीत होता, दुसरा मित्र नगरहून क्रांतीचे बीज घेऊन पुण्याला परतला. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली.

त्यानंतर काय घडले ते सर्वश्रुत आहे. सनातन्यांनी गोविंदरावांवर दडपण आणले आणि १८४९ साली जोतीराव व सावित्रीमाई यांना घर सोडावे लागले. इथे आमच्या विषयाचा पहिला धागा सापडतो. ज्याचे घर दुसऱ्याच्या मर्जीवर चालते, त्याला त्या मर्जीप्रमाणे वागावे लागते, नाहीतर रस्त्यावर यावे लागते. हा धडा जोतीरावांना बाविसाव्या वर्षी बापाच्याच उंबऱ्यावर मिळाला. पुढे काही काळ त्यांनी मिशनच्या शाळेत शिकवण्याचे काम केले. पण नोकरीला त्यांनी आयुष्याचा आधार केले नाही. सरकारी नोकरीत राहून सरकारी खात्यांतल्या भटशाहीवर प्रहार करता येत नाही आणि मिशनच्या पगारावर राहिले की ख्रिस्ती झाल्याचा आरोप पक्का होतो. मग पोट कसे भरायचे? उत्तर धंद्यात होते.

१८६० नंतरच्या काळात पुण्याच्या आसपास मोठी सरकारी बांधकामे निघाली. जोतीरावांनी धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या साहित्याच्या विक्रीचा व्यवसाय केला. पुढे पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतून बांधकामाची कामे आणि साहित्याचा पुरवठा केला. खडकवासल्याचे धरण, येरवड्याचा पूल, कात्रजचा बोगदा या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. भंडारदऱ्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या धरणाच्या कामावर आमचा एक महापुरुष उभा होता आणि तो मजुरी मागायला नव्हे, मक्ता घेऊन उभा होता. शूद्र म्हणून हिणवलेल्या माणसाने हिशेब, मोजमाप आणि करार या गोष्टी हातात घेतल्या, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

या पैशाचे त्यांनी काय केले? १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवांना आपल्या घराचा आसरा दिला आणि अशाच एका मातेच्या मुलाला, यशवंतला, पुढे दत्तक घेतले. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन केला. १८७७च्या दुष्काळात धनकवडीला भुकेल्या मुलांसाठी अन्नछत्र चालवले. मांजरीजवळ जमीन घेऊन कालव्याच्या पाण्यावर शेती करून दाखवली. नोकरदाराला यातले एकही काम वरिष्ठांच्या परवानगीशिवाय करता आले असते काय? सुज्ञ वाचकांनीच विचार करावा.

१८७६ ते १८८२ जोतीराव पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. लॉर्ड लिटन पुण्याला येणार म्हणून त्याच्या स्वागतावर हजार रुपये उधळायचे ठरले, तेव्हा विरोधात मत देणारे जोतीराव एकटेच होते. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्यावा असे त्यांचे म्हणणे होते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी निवेदन दिले. त्यात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली. पदवी नाही, हुद्दा नाही, साहेबाची शिफारस नाही. आपण कशावर जगतो हे सांगून मग त्यांनी सरकारला सुनावले की, रयतेच्या करातून गोळा होणारा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले अक्षरशत्रू राहतात. हे बोलण्याची ताकद विचारातून आली हे तर खरेच, पण त्या विचाराला पोटाची आडकाठी नव्हती हेही तितकेच खरे.

मात्र इथे एक गोष्ट विसरता कामा नये. सरकारी कामाचा कंत्राटदार पूर्ण स्वतंत्र नसतो. त्याचे मोजमाप इंजिनिअर लिहितो, त्याचे बिल कारकून काढतो. आज जिला टक्केवारी म्हणतात, ती कीड जोतीरावांनी तेव्हाच जवळून पाहिली. पण पाहून ते गप्प बसले नाहीत. इंजिनिअर खात्यातले ब्राह्मण कामगार रयतेला आणि सरकारला कसे लुबाडतात, याची लक्तरे त्यांनी आपल्या लेखनातून वेशीवर टांगली. ज्या खात्याकडून काम मिळते त्याच खात्यावर लिहिणारा कंत्राटदार आज आम्हाला कोणी दाखवावा! म्हणजे जोतीरावांना स्वातंत्र्य कंत्राटाने दिले नाही. कंत्राट गेले तरी चालेल ही तयारी आणि शेती, व्यापार असे दोन-तीन आधार, यातून ते स्वातंत्र्य आले.

आता नाण्याची दुसरी बाजू. जुलै १८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पुरे केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झाले. पण घरात पैसा उरला नव्हता. जे मिळाले ते समाजावर खर्च झाले होते. नोकरदाराला आजारपणाची रजा असते, निवृत्तिवेतन असते. कंत्राटदाराचा हात थांबला की चूल थांबते. मामा परमानंदांसारख्या स्नेह्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी लिहावे लागले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. ज्याने हजारोंना आसरा दिला, त्याच्या म्हातारपणाला कोणतीही व्यवस्था आधार द्यायला नव्हती. व्यासपीठावरून जोतीरावांच्या कंत्राटाचे गोडवे गाणारे पुढारी हे शेवटचे पान उलटतच नाहीत.

जोतीरावांच्या चळवळीला हे कळत होते. म्हणूनच त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली आठवड्याची सुट्टी मिळवली. सत्यशोधकांच्या एकाच घरात एक कंत्राटदार होता आणि एक कामगारांचा पुढारी. त्यांच्यात विरोध नव्हता. माणूस कोणाच्या मेहेरबानीवर जगू नये, हीच दोघांची धडपड होती.

परमपूज्य बाबासाहेबांनी हीच गोष्ट पुढे नेली. जिल्हा न्यायाधीशाची जागा त्यांनी नाकारली आणि वकिलीचा स्वतंत्र व्यवसाय पत्करला, कारण समाजाच्या कामाला मोकळीक हवी होती. पण स्वतः नोकरी नाकारणाऱ्या बाबासाहेबांनी आपल्या बांधवांसाठी काय मागितले? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले. महार वतनदार गावाचा आणि सरकारचा चोवीस तासांचा चाकर होता. त्याला ना धड पगार, ना कामाचे तास, ना नाही म्हणण्याचा हक्क. बलुत्याच्या पेंढीसाठी दारोदार फिरायचे आणि त्यालाच मान समजायचे! बाबासाहेबांचे म्हणणे सरळ होते. काम करून घ्यायचे तर ठरलेला पगार द्या. हे वतन शेवटी १९५८च्या कायद्याने गेले.

आता आजची कंत्राटी नोकरी या मापाने मोजून पाहा. काम बारमाही आणि नेमणूक अकरा महिन्यांची. साहेब सरकारी आणि मालक एजन्सी. पगार किती आणि कधी, ते एजन्सी ठरवणार. हिला कंत्राट म्हणतात, पण यात जोतीरावांचे कंत्राट कुठे आहे? जोतीराव आपला दर सांगत होते, करार करत होते, काम नाकारू शकत होते. कंत्राटी नोकराला यातले काहीच नाही. हे तर नव्या कागदावर लिहिलेले जुने वतन आहे. शिवाय एजन्सीच्या हजेरीपटावर बिंदुनामावली नसते, म्हणजे बाबासाहेबांनी मिळवून दिलेले आरक्षण मागच्या दाराने संपते. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी एजन्सींमार्फत भरतीचा निर्णय काढला. राज्यभर तरुण रस्त्यावर आले, तेव्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये तो रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, पण कंत्राटीकरणाची वृत्ती रद्द झालेली नाही.

न्यायालयांचे निकालही आमच्या तरुणांनी वाचले पाहिजेत. २००६ साली उमादेवी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नियमबाह्य नेमणुकीला कायम होण्याचा हक्क मिळत नाही. २०१६ साली जगजीत सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, समान काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्यालाही समान वेतन मिळाले पाहिजे. म्हणजे आत जाऊन काही वर्षे काढली की आपोआप कायम होऊ, ही आशा फोल आहे. पण समान कामाचे दाम मागण्याचा हक्क मात्र शाबूत आहे. तो संघटनेशिवाय पदरात पडणार नाही.

तेव्हा अकोल्याच्या त्या तरुणाला आमचे सांगणे असे. कायम पदाची परीक्षा शेवटच्या संधीपर्यंत सोडू नकोस. ती जागा तुझ्या एकट्याची नाही, समाजाच्या वाट्याची आहे. स्वतंत्र कंत्राटाची वाट धरायची असेल तर खुशाल धर, पण भांडवल, दुसरा आधार आणि आजारपणाची तरतूद पाहून धर. एकाच साहेबाच्या सहीवर सगळा संसार टांगू नकोस. आणि कंत्राटदार झालास तर तुझ्या हाताखालच्या वडाराची, आदिवासी भगिनीची मजुरी वेळेवर आणि हिशेबाने दे. उचल देऊन कोयत्याला बांधून घेणाऱ्या मुकादमाची जात आपल्यात नको. पोटासाठी अकरा महिन्यांची नोकरी घ्यावी लागली तर लाजू नकोस, पण तिला जोतीरावांचा वारसा समजू नकोस. तिथे पहिल्या दिवसापासून संघटनेत राहा.

जोतीरावांनी नोकरी टाळली ती गुलामगिरी टाळण्यासाठी. बाबासाहेबांनी पगार मागितला तोही गुलामगिरी टाळण्यासाठी. वाट कोणतीही असो, तिच्या शेवटी आपले तोंड आपल्या ताब्यात राहते की नाही, एवढाच प्रश्न आम्ही विचारायचा आहे. पुढच्या जयंतीला कोणी पुढारी पुन्हा अर्धे सत्य सांगू लागला तर टाळी वाजवण्याआधी हा प्रश्न त्यालाही विचारावा.

जय जोती! जय भीम!