जेम्स ब्लंडेल

जेम्स ब्लंडेल (२७ डिसेंबर, १७९०:लंडन, इंग्लंड - १५ जानेवारी, १८७८) हे इंग्लिश प्रसूतितज्ज्ञ व शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. एका माणसाचे रक्त दुसऱ्या माणसाला देण्याची पद्धत, म्हणजे रक्ताधान, त्यांनी प्रयोगांच्या आधारे वैद्यकात आणली.

==जीवन==
ब्लंडेल यांनी १८१३ साली एडिनबरो विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली. पुढे ते आपले मामा जॉन हेटन यांच्याबरोबर लंडनमधील गाय रुग्णालयाच्या शाळेत प्रसूतिविज्ञान व शरीरक्रियाविज्ञान शिकवू लागले. सिझेरियन शस्त्रक्रियेच्या वेळीच बीजवाहिन्या कापून पुढील धोकादायक गर्भधारणा टाळावी, असेही त्यांनी सुचवले होते. १८३४ साली रुग्णालयाच्या व्यवस्थापनाशी मतभेद होऊन त्यांनी अध्यापन सोडले.

==रक्ताधान==
प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक स्त्री त्यांच्या डोळ्यांदेखत दगावली. सर्व उपचार करूनही ती दोन तासांत गेली. गेलेले रक्त परत देता आले असते तर, या विचाराने ते प्रयोगांकडे वळले. सतराव्या शतकात मेंढ्याचे रक्त माणसाला देण्याचे प्रयोग झाले होते. ते अंगाशी आल्याने हा विषय दीडशे वर्षे जवळजवळ बंदच पडला होता. रक्तस्रावाने मृतवत झालेली कुत्री कुत्र्याच्याच रक्ताने सावरतात, माणसाच्या रक्ताने मात्र मरतात, असे ब्लंडेल यांना आढळले. बार्बाडोसचे जॉन हेन्री लिकॉक यांनी याच दिशेने आधी काम केले होते. ब्लंडेल यांनी ते ऋण मान्य केले, तरी लिकॉक यांचे नाव आज फारसे कोणी घेत नाही.

१८१८ साली त्यांनी जठराच्या कर्करोगाने खंगलेल्या एका पुरुषाला पिचकारीने थोडे थोडे करून माणसाचे रक्त दिले. तो दोन-अडीच दिवसांनी मरण पावला. १८२९ साली 'द लॅन्सेट'मध्ये यशस्वी उपचाराचा वृत्तान्त आला. त्यात बाळंतिणीला तीन तासांत आठ औंस, म्हणजे सुमारे सव्वादोनशे मिलिलिटर रक्त दिले होते आणि ती वाचली.

खरी अडचण वेगाची होती. शरीराबाहेर आलेले रक्त काही मिनिटांत गोठते, म्हणून घाई हवी. पण एकदम जास्त रक्त गेले तर हृदयावर ताण येतो आणि हवा शिरण्याचा धोकाही असतो. म्हणून पिचकारीतील हवा काढून टाकावी, रक्त बेताने सोडावे आणि सारा वेळ रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे, असा त्यांचा दंडक होता. चेहरा आक्रसू लागला की प्रवाह कमी करायचा, त्रास वाढला तर थांबायचे. त्यांनी बनवलेल्या एका साधनात दात्याच्या हाताचे रक्त उंचावरील पेल्यात पडून नळीवाटे आपल्याच भाराने रुग्णाच्या नीलेत उतरे. आजची सलाइनची बाटलीही उंचावर टांगतात, ती याच तत्त्वाने. आशा सुटलेल्या रुग्णांपुरताच हा उपाय वापरावा, असे ते बजावत. हा संयम त्यांच्या शोधाइतकाच मोलाचा मानावा लागेल, कारण रक्तगटांची त्यांना कल्पनाच नव्हती.

==नंतरचा काळ==
माणसामाणसांच्या रक्तांतही न जुळणारे प्रकार असतात, हे कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवले. तातडीच्या वेळी गट तपासायला अवधी नसेल तर आज 'ओ' गटाचे रक्त देतात. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ साली नोंदवलेल्या 'बॉम्बे रक्तगटा'च्या व्यक्तींना मात्र तेही घातक ठरते. त्यांना त्याच गटाचे रक्त मिळवावे लागते.