विश्लेषण : घरातल्या ‘स्मार्ट’ सेन्सरचा जगदीशचंद्र बोस यांच्याशी काय संबंध?

खोलीत शिरताच दिवा लागतो. पण पुस्तक घेऊन शांत बसले की थोड्या वेळाने तो आपोआप विझतो. हात हलवला की पुन्हा लागतो. घर ‘स्मार्ट’ करून घेणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. त्यावर उपाय म्हणून आता २४ आणि ६० गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारे प्रेझेन्स सेन्सर मिळू लागले आहेत. याच पट्ट्यातील लहरींवर सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोलकात्यात जगदीशचंद्र बोस प्रयोग करत होते. लहरी पकडणारे उपकरण वेळेवर जागे व्हावे, चुकीच्या वेळी जागे होऊ नये आणि काम झाले की पुन्हा तयार व्हावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आज सेन्सर निवडताना आणि बिघाड शोधतानाही तोच प्रश्न असतो.

बोस यांची जडणघडण कशी झाली?

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र ब्रिटिश सरकारच्या सेवेत अधिकारी होते आणि ब्राह्मो समाजाशी जोडलेले होते. मुलाने इंग्रजीआधी मातृभाषा शिकावी, या आग्रहातून त्यांनी त्याला बंगाली शाळेत घातले. पुढे कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर लाफाँ यांच्यामुळे बोस यांना भौतिकशास्त्राची गोडी लागली. १८८० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. पण वारंवार येणाऱ्या तापामुळे ते शिक्षण सोडावे लागले आणि केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास केला. तेथे लॉर्ड रॅली हे त्यांचे शिक्षक होते.

वेतनाचा वाद काय होता?

१८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्या काळी एकाच पदावरील भारतीय प्राध्यापकाला युरोपीय प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी असल्याने त्यांच्या हाती त्याचेही निम्मेच, म्हणजे एक-तृतीयांश पडणार होते. त्यांनी नोकरी सोडली नाही आणि वेतनही घेतले नाही. तीन वर्षे ते विनावेतन शिकवत राहिले. वडिलांवर कर्ज असतानाचा हा निर्णय होता. अखेर प्रशासनाने त्यांना पूर्ण वेतन दिले, तेही मागील थकबाकीसह. त्या पैशांतून त्यांनी वडिलांचे कर्ज फेडले. संशोधनासाठी मात्र स्वतंत्र प्रयोगशाळा नव्हती. महाविद्यालयातील एका लहानशा खोलीत, एका पत्रे-कारागिराच्या मदतीने त्यांनी उपकरणे घडवली.

टाउन हॉलमध्ये काय घडले?

जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिक हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व प्रयोगाने दाखवले होते. त्यावरील ऑलिव्हर लॉज यांचे लेखन वाचून बोस या विषयाकडे वळले. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये, बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर मॅकेन्झी यांच्या उपस्थितीत त्यांनी जाहीर प्रयोग केला. एका बाजूने लहरी सोडल्या. मधल्या भिंती पार करून त्या दूरच्या खोलीतील उपकरणापर्यंत पोहोचल्या, तेथे घंटा वाजली आणि बारूद पेटली. मध्ये कोणतीही तार नव्हती.

आजच्या स्मार्ट घराची साखळी याहून फार वेगळी नाही. लहर सेन्सरपर्यंत पोहोचते, सेन्सर कळवतो, कमकुवत संकेतावरून रिले मोठा विद्युतप्रवाह सुरू करतो आणि दिवा लागतो. म्हणूनच दिवा लागत नसेल तर साखळीतील प्रत्येक कडी वेगळी तपासावी लागते. ॲपमध्ये सेन्सरची नोंद दिसते का? हबकडून आज्ञा जाते का? स्विचमधील रिलेचा ‘टिक’ आवाज येतो का? ज्या टप्प्यावर उत्तर नाही असे येते, बिघाड तेथे असतो.

त्यांनी इतक्या लहान लहरी का निवडल्या?

लहर लांब असेल तर तिचे गुणधर्म तपासायला आरसे, लोलकही मोठे लागतात. बोस यांची जागा छोटी होती. त्यांनी सुमारे ५ ते २५ मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या, त्यामुळे सगळा प्रयोग टेबलावर मावू लागला. कर्ण्यासारखा ॲन्टेना, लहरींना वाट दाखवणाऱ्या धातूच्या नळ्या, ध्रुवीकरण दाखवण्यासाठी पिळलेला ताग अशी साधने त्यांनी वापरली. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणे सादर केली.

या लांबीच्या लहरी आजच्या भाषेत साधारण १२ ते ६० गिगाहर्ट्झच्या होतात. प्रेझेन्स सेन्सरचे २४ आणि ६० गिगाहर्ट्झ हे दोन्ही पट्टे त्यात येतात. नेहमीचा पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेतील बदल टिपतो, त्यामुळे स्थिर बसलेला माणूस त्याला ‘दिसत’ नाही. मिलिमीटर लहरींचा सेन्सर श्वासासोबत होणारी छातीची हालचालही ओळखतो. मात्र फिरता पंखा आणि हलता पडदाही त्याला माणूस वाटू शकतो.

सेन्सर ‘अडकण्या’चा प्रश्न कसा सुटला?

त्या काळी लहरी पकडण्यासाठी कोहिरर वापरत. काचेच्या नळीत धातूचा कीस भरलेला असे. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि त्यातून वीज वाहू लागे. पण एकदा चिकटलेला कीस आपोआप सुटत नसे. दर वेळी नळीला टिचकी मारावी लागे. शिवाय प्रत्येक नळीचा प्रतिसाद वेगळा.

बोस यांनी किसाऐवजी बारीक स्प्रिंगांची रांग वापरली. स्क्रू फिरवून त्यांच्यातील दाब आणि जोडीला विद्युतप्रवाह नेमका जुळवता येई. १८९९ मध्ये त्यांनी लोखंड आणि पारा वापरून, टिचकीविना पूर्ववत होणाऱ्या कोहिररची माहिती रॉयल सोसायटीला सादर केली. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला संदेश ऐकण्यासाठी अशाच प्रकारचे, पारा असलेले उपकरण वापरले. त्याचे मूळ बोस यांच्या शोधात असल्याचे संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. काही इतिहासकारांना मात्र ते मान्य नाही.

पेटंटबाबत त्यांची भूमिका काय होती?

बोस यांनी आपल्या उपकरणांची रचना व्याख्यानांत उघडपणे सांगितली. शोधातून पैसा मिळवणे त्यांना पसंत नव्हते. भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे गॅलेना या खनिजाच्या स्फटिकावर आधारित डिटेक्टरसाठी अमेरिकेत अर्ज करण्यात आला आणि १९०४ मध्ये पेटंट मिळाले. अर्धवाहकावर आधारित उपकरणाच्या अगदी सुरुवातीच्या पेटंटांपैकी ते एक आहे. त्याचा आर्थिक लाभ मात्र बोस यांनी घेतला नाही. बिनतारी संदेशवहनाचा व्यवसाय इतरांच्या हाती वाढला आणि सर्वसामान्यांच्या आठवणीत नाव राहिले ते मार्कोनींचे.

उपकरणांचा ‘थकवा’ त्यांना कुठे घेऊन गेला?

सतत वापरल्यावर आपली उपकरणे मंदावतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा तरतरीत होतात, हे बोस यांच्या लक्षात आले. दुसऱ्या कोणी हा दोष समजून उपकरण बदलले असते. बोस यांना त्यात सजीवांच्या स्नायूंशी साम्य दिसले. त्यातून ते वनस्पतींच्या प्रतिसादाकडे वळले. १९०१ मध्ये लंडनमधील शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी या निष्कर्षांना विरोध केला. सजीव आणि निर्जीव यांच्यातील साम्याबद्दलचे त्यांचे काही दावे पुढेही वादाचे राहिले. तरीही वनस्पतीची सूक्ष्म वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ त्यांनी तयार केला. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. १९२० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना २०१२ मध्ये ‘आयईईई’ या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली.

आज सेन्सर निवडताना काय पाहावे?

जागेनुसार लहर निवडावी, हा बोस यांच्या कामातून दिसणारा पहिला मुद्दा. जिना, पॅसेज येथे माणूस थांबत नाही. तेथे स्वस्त पीआयआर पुरतो. बैठकीची खोली, अभ्यासाचे टेबल येथे मिलिमीटर लहरींचा सेन्सर उपयोगी. पण तो पंख्याकडे तोंड करून लावू नये.

दुसरा मुद्दा संवेदनशीलतेचा. बोस स्क्रू फिरवत, आज ॲपमध्ये पट्टी सरकवावी लागते. दिवा विनाकारण लागत असेल तर संवेदनशीलता आणि अंतराची मर्यादा कमी करावी. माणूस असताना विझत असेल तर दोन्ही वाढवावे. एका वेळी एकच बदल करून पाहावा.

तिसरा मुद्दा पूर्ववत होण्याचा. माणूस गेल्यावर सेन्सर किती वेळात ‘रिकामे’ असे कळवतो, हे विकत घेताना विचारावे. तो सतत ‘माणूस आहे’ असेच दाखवत असेल तर आधी पंखा बंद करून आणि पडदा बाजूला करून पाहावे.

हबबाबतही लहरींचेच गणित आहे. झिगबी आणि बहुतेक घरांतील वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात, म्हणून हब राउटरला चिकटून ठेवू नये. झिगबीमध्ये विजेवर चालणारे प्लग आणि स्विच पुढच्या सेन्सरचा निरोप हबपर्यंत पोहोचवतात. असा प्लग बटणाने बंद केला की लांबचा सेन्सर अचानक ‘ऑफलाइन’ दिसतो आणि दोष मात्र सेन्सरला दिला जातो. इंटरनेट बंद असतानाही घरातल्या घरात आज्ञा चालवणारा हब निवडणे श्रेयस्कर.

स्मार्ट स्विचला दिवा बंद असतानाही थोडी वीज लागते. जुन्या स्विचबोर्डात न्यूट्रल वायर नसेल तर एलईडी लुकलुकतो किंवा स्विच मधूनच बंद पडतो. त्यामुळे खरेदीपूर्वी इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून न्यूट्रल आहे का, हे तपासून घ्यावे.