डॉ. रॉबर्ट कॉक

शास्त्राच्या वर्गांत सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून आपण रंगविलेला एखादा जंतु पाहतों, तेव्हां ही सिद्धता कोणीं व किती कष्टानें केली याचा विचार मनांत क्वचितच येतो. जंतु डोळ्यांस दिसणें निराळें आणि तोच रोगाचें कारण आहे असें सिद्ध करणें निराळें. हें दुसरें कार्य ज्यांनीं धिमेपणानें तडीस नेलें, त्या डॉ. रॉबर्ट कॉक यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

जर्मनींतील हार्झ पर्वतांत क्लाउस्थाल नांवाचें खाणींचें गांव आहे. तेथें एका खाण-अधिकाऱ्याच्या घरीं ता. ११ डिसेंबर १८४३ रोजीं रॉबर्टचा जन्म झाला. गटिंगेन विद्यापीठांत वैद्यकाचा अभ्यास करून १८६६ सालीं ते डॉक्टर झाले. तेथें त्यांस हेन्ले हे गुरु लाभले. सांसर्गिक रोगांचें मूळ सूक्ष्म सजीवांत आहे, असा तर्क हेन्ले यांनीं १८४० मध्येंच मांडला होता. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

१८७२ सालीं कॉक वोल्स्टाइन या लहानशा गांवीं सरकारी डॉक्टर झाले. पत्नी एमी हिनें त्यांस एक सूक्ष्मदर्शक यंत्र भेट दिलें होतें. त्या भागांत गुरें व मेंढ्या काळपुळीच्या रोगानें मरत. मेलेल्या जनावरांच्या रक्तांत काडीसारखे जंतु असतात, हें इतरांनींही पाहिलें होतें; पण ते रोगाचे जनक कीं नुसते सोबती, हा वाद मिटला नव्हता. डॉ. कॉक यांच्यापाशीं ना प्रयोगशाळा, ना साहाय्यक, ना द्रव्य. रोगी तपासण्याच्या खोलींतच पडदा लावून त्यांनीं एक कोपरा वेगळा केला. पिचकारीच्या ऐवजीं लाकडाच्या बारीक चिरफळ्या शुद्ध करून त्यांवर रोगट रक्त घेतलें व उंदरांस टोंचलें. उंदीर मेले. मग बैलाच्या डोळ्यांतील स्वच्छ पाण्याच्या थेंबांत ते जंतु घालून उबेंत वाढविले. एका थेंबांतून दुसऱ्यांत, दुसऱ्यांतून तिसऱ्यांत, असें करीत मूळच्या रक्ताचा लेशही उरूं दिला नाहीं. तरी त्या जंतूंनीं उंदीर मेलेच! जंतूंच्या पोटीं चिवट बीजुकें धरतात व तीं मातींत वर्षानुवर्षें टिकतात, म्हणून एकच कुरण पुनःपुनः घातक ठरतें, हेंही त्यांस उमगलें. १८७६ सालीं ब्रेस्लाउ येथें प्रा. कोन यांच्यापुढें त्यांनीं हे प्रयोग करून दाखविले आणि आडगांवचा हा डॉक्टर विद्वानांच्या सभेंत मान्य झाला.

१८८० सालीं त्यांस बर्लिन येथें बोलावणें आलें. तेथें त्यांच्यापुढें मोठी अडचण होती ती जंतूंच्या भेसळीची. पातळ रसांत अनेक जातींचे जंतु एकत्र वाढतात. मग गुन्हेगार ओळखावा कसा? उकडलेल्या बटाट्याची फोड उघडी राहिली असतां तिच्यावर निरनिराळ्या रंगांचे ठिपके उठलेले त्यांनीं पाहिले. प्रत्येक ठिपक्यांत एकाच जातीचे जंतु होते! घट्ट पृष्ठभागावर जंतु हलूं शकत नाहीं. जेथें पडला तेथेंच त्याची वसाहत होते. म्हणून मांसरसांत जिलेटिन मिसळून त्यांनीं तो कांचेवर थिजविला. परंतु जिलेटिन उबेंत वितळे. यावर उपाय सुचविला तो फॅनी हेसे या गृहिणीनें. तिचे पति कॉक यांच्या प्रयोगशाळेंत काम करीत असत. मुरंबे घट्ट करण्यासाठीं ती समुद्रवनस्पतींपासून निघणारें आगर वापरी. तें एकदां थिजलें म्हणजे शरीराच्या उष्णतेनें वितळत नाहीं. पुढें १८८७ सालीं पेट्री नांवाच्या साहाय्यकानें झांकणाची कांचेची बशी योजिली. आगर व पेट्रीची बशी हीं आजही प्रत्येक प्रयोगशाळेंत दिसतात.

क्षयाचा जंतु तर दिसेचना. कॉक यांनीं पोटॅश मिसळलेल्या निळ्या रंगांत पदार्थ ठेवून नंतर त्यास तपकिरी रंग दिला. तेव्हां इतर सर्व भाग तपकिरी होऊन बारीक निळ्या काड्या तेवढ्या उठून दिसल्या. त्यांस वाढविण्यासाठीं रक्ताचा निवळ भाग उष्णतेनें घट्ट करून वापरला. दिवसांमागून दिवस गेले, कांहींच उगवेना. दुसऱ्याच्या हातून त्या नळ्या फेंकल्या गेल्या असत्या. पण दुसऱ्या आठवड्यांत बारीक कण दिसूं लागले! ते जंतु टोंचलेल्या प्राण्यांस क्षय झाला व त्यांच्या शरीरांत तोच जंतु पुन्हां सांपडला. हा शोध त्यांनीं ता. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें जाहीर केला. तो दिवस आज जागतिक क्षयरोगदिन म्हणून पाळला जातो.

१८८३ सालीं पटकीच्या शोधार्थ ते इजिप्तमध्यें व तेथून कलकत्त्यास आले. तेथें स्वल्पविरामासारखा वांकडा जंतु त्यांनीं शुद्ध रूपांत वाढविला व एका तळ्याच्या पाण्यांतही दाखविला. मात्र प्राण्यांस पटकी लागेना. पुराव्यांतील ही उणीव त्यांनीं लपविली नाहीं. १८९७ सालीं प्लेगच्या अभ्यासासाठीं ते मुंबईसही येऊन गेले.

परंतु अशा धीराच्या पुरुषाचाही एकदां तोल गेला. १८९० सालीं क्षयावर उपाय सांपडल्याचें त्यांनीं सांगितलें. औषधाची घटना मात्र गुप्त ठेविली. आशेनें व्याकुळ झालेले रोगी बर्लिनला लोटले. पुष्कळांस गुण आला नाहीं, कित्येक दगावले. पुरेसा पुरावा हातीं येण्यापूर्वींच शब्द तोंडांतून गेला होता! ट्युबर्क्युलिन नांवाचें तें द्रव्य पुढें रोग ओळखण्याच्या कामीं मात्र आलें. डॉ. कॉक यांनीं काम सोडलें नाहीं. १९०५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें व ता. २७ मे १९१० रोजीं बाडेन-बाडेन येथें ते निवर्तले.

बालमित्रांनो, या चरित्रांत यश व अपयश दोहोंचाही बोध एकच आहे. जेथें त्यांनीं वाट पाहिली, तेथें सत्य हातीं आलें. जेथें उतावीळ झाले, तेथें दुःखितांची निराशा झाली. परमेश्वरानें दिलेल्या दृष्टीस धीराची व प्रामाणिकपणाची जोड मिळाली, तरच खरें ज्ञान लाभतें.