पाटणचे भास्कराचार्य आणि त्यांची लीलावती



जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. मुलाला गणिताची आवड लागावी म्हणून कोणतं पुस्तक आणून द्यावं? आपण पटकन एखादं गाईड नाहीतर स्पर्धा परीक्षेचं पुस्तक सांगून मोकळे होतो. आज मी जे पुस्तक सुचवणार आहे ते सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वीचं आहे आणि त्याचं नातं आपल्या खान्देशाशी आहे. आधी ते लिहिणाऱ्या माणसाची ओळख करून घेऊ.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ चा. त्यांनी आपलं गाव सह्याद्रीच्या पायथ्याचं विज्जलविड असं सांगितलं आहे. ते गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, पण बरेच जण ते चाळीसगावच्या परिसरातच असल्याचं मानतात. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी आणि विद्वान. भास्कराचार्य शिकले ते त्यांच्याच हाताखाली. घरातच शाळा होती म्हणा ना!

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे ११८३ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी करणकुतूहल लिहिलं. ग्रहांचं गणित सोप्या रीतीने करता यावं म्हणून केलेलं हे पुस्तक. आपल्याच ग्रंथावर त्यांनी वासनाभाष्य नावाची टीकाही लिहिली. तिच्यात नियम असाच का, याचं स्पष्टीकरण दिलेलं आहे. नुसतं सूत्र पाठ करून घेणारा हा शिक्षक नव्हता, हे लक्षात घ्या.

लीलावती ही त्यांची मुलगी होती, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती अडकल्यामुळे टळला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी वर्गात सांगितलेली असते. ती आपल्याला सापडते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात. भास्कराचार्यांच्या ग्रंथात ती नाही. म्हणून मुलांना सांगताना दंतकथा म्हणूनच सांगा. ग्रंथात मात्र ते कधी एखाद्या मुलीला, कधी मित्राला हाक मारून गणित विचारतात. समोर कोणीतरी बसलेलं आहे असं समजून लिहिलेलं हे पुस्तक आहे.

आता त्यातलं एक गणित माझ्या शब्दांत सांगतो. ३२ हात उंचीचा बांबू वाऱ्याने मोडला. त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर बांबू किती उंचीवर मोडला? भास्कराचार्यांची रीत अशी: १६ चा वर्ग २५६, त्याला ३२ ने भागा, ८ येतात. ३२ मधून ८ वजा करून निम्मे केले की १२. हीच मोडलेली उंची. ३२ मध्ये ८ मिळवून निम्मे केले की २०, हा वरचा तुकडा. १२, १६, २० हा काटकोन त्रिकोण झाला की नाही? सातवी-आठवीच्या मुलांना आधी रीत देऊ नका. काडी मोडून दाखवा, आकृती काढू द्या, अडू द्या. मग रीत सांगा आणि ती का चालते ते त्यांच्याकडूनच काढून घ्या.

मोठ्या मुलांसाठी बीजगणित आहे. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधा. सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. चक्रवाल पद्धतीने भास्कराचार्यांनी ते काढलं. युरोपात फर्मा याने हाच प्रश्न तिथल्या गणितज्ञांपुढे ठेवला तो १६५७ मध्ये.

आणि आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. चाळीसगावपासून साधारण १८ किलोमीटरवर पाटणादेवीचं मंदिर आहे. तिथला शिलालेख शके ११२८ चा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर, त्याचा मुलगा चांगदेव. (मुक्ताईनगरजवळचे संत चांगदेव ते वेगळे बरं का.) या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला. निकुंभ घराण्यातल्या सोईदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा काही भाग जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं मालावरचं उत्पन्न मठाला दिल्याची नोंद त्यात आहे.

विचार करा, बाजारात माल घेणाऱ्या साध्या माणसाच्या पैशातून गणिताची पुस्तकं शिकवली जात होती, तीही आपल्याच भागात. आज आपण भास्कराचार्यांचा फोटो लावतो, जयंतीला भाषणं करतो, पण पुस्तक उघडत नाही. नातवाने आजोबांच्या नावाने देऊळ बांधलं नाही, शिकवण्याची सोय केली.

मराठीत ना. ह. फडके यांचं लीलावती पुनर्दर्शन आहे. शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात बघा, नसेल तर मागणी करा. सगळं पुस्तक मुलाच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. आठवड्याला एकच गणित घ्या आणि पालकहो, तेही मुलाशेजारी बसून सोडवा. तुम्हाला नाही आलं तरी चालेल. आई-बाबाही अडतात आणि तरी सोडत नाहीत, हे मुलाने पाहिलं तरी पुष्कळ झालं. पुढची सहल पाटणादेवीला काढाल तेव्हा धबधब्याआधी पाच मिनिटं त्या शिलालेखापुढे थांबा आणि तो मठ कशासाठी होता ते मुलांना सांगा.