बाळूंना न मिळालेले कर्णधारपद

मोसम नदीकाठच्या नामपुरात काय किंवा थेट मुंबईत काय, अंतिम सामना हरलेल्या संघात दुसऱ्या दिवशी एकच चर्चा रंगते. आणखी एक चांगला खेळाडू बाहेरून आणायला हवा होता, असे कुणी म्हणतो. ऐन वेळी अमक्याने कच खाल्ली, असे दुसरा सांगतो. एवढी मोठी नावे असूनही हरलो कसे, याचे सगळ्यांनाच कोडे पडते. पण जे खेळाडू हाताशी होते, त्यांना त्यांची योग्य जागा आपण दिली होती का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

मुंबईच्या हिंदू संघाला या प्रश्नाचे उत्तर द्यायला दहा-बारा वर्षे लागली. ज्या माणसामुळे हा प्रश्न उभा राहिला, त्याचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातील पालवणचे, म्हणून आडनाव पालवणकर. समाज चर्मकार, म्हणजे त्या काळच्या रूढीप्रमाणे अस्पृश्य मानलेला. वडील लष्करात नोकरीला होते. साहेबांनी टाकून दिलेल्या साहित्यावर मुले क्रिकेट शिकली. पुढे पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात बाळू खेळपट्टी झाडण्याचे, रोलर फिरवण्याचे काम करू लागले. पगार महिना तीन रुपये. अधूनमधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायला मिळे.

तिथून ते साहेबांच्या पूना क्लबात गेले. तिथे कॅप्टन ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज होता. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करी. आपल्याला बाद केले की तो दर वेळी आठ आणे बक्षीस देई, अशी आख्यायिका आहे. गंमत अशी की, तासन् तास गोलंदाजी करणाऱ्या बाळूंच्या हाती बॅट मात्र फारशी कुणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान. चेंडू टाकणे हे राबणाऱ्याचे काम.

साहेबांना चकवणारा हा मुलगा आपल्या संघात हवा, असे पुण्याच्या हिंदू मंडळींना वाटू लागले. पण घ्यायचे कसे? बराच खल झाला आणि शेवटी त्यांना घेण्यात आले. मैदानावर सारे त्याच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की मात्र बाळूंचा चहा पॅव्हेलियनच्या बाहेर येई, तोही मातीच्या पेल्यात. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. संघ जिंकू लागला, गावोगावी बाळूंचे सत्कार होऊ लागले. न्यायमूर्ती रानड्यांसारख्या सुधारकांनीही त्यांचे जाहीर कौतुक केले. ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर जेवता का येऊ नये, हा विचार त्यामुळे पुण्यात बोलला जाऊ लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईला आले. पुढे त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली आणि रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले. हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यायला काही सभासदांचा विरोध होता, पण गुणांपुढे तो टिकला नाही. १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांशी सामना खेळला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. एकशे नऊ धावांनी राज्यकर्त्यांना हरवले आणि त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. त्या दिवशी मुंबईत दिवाळीच झाली असणार.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. नावे मोठी होती, पण महाराजांचे लक्ष खेळापेक्षा मेजवान्यांकडे अधिक. संघ सामन्यामागून सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. धाकटे बंधू शिवराम यांनीही चांगली फलंदाजी केली. सर्वांत मोठा मान एकाकडे आणि सर्वांत मोठे काम दुसऱ्याकडे, असा तो संघ होता.

पारशी, युरोपियन आणि हिंदू यांच्या सामन्यांत १९१२ पासून मुस्लिम संघही आला आणि मुंबईची प्रसिद्ध चौरंगी स्पर्धा सुरू झाली. हिंदू संघात गुणी माणसांची वाण नव्हती. बाळू, शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे चारही पालवणकर बंधू हिंदूंकडून खेळले. पुढे पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर आले, १९१६ मध्ये सी. के. नायडू आले. तरीही चषक हक्काने घरी येत नव्हता. आणि खेळ सर्वांत जास्त जाणणाऱ्या बाळूंना कर्णधारपद द्यावे, ही मागणी दर वर्षी होऊन दर वर्षी मागे पडत होती. कारण सगळ्यांना ठाऊक होते, पण उघड कुणी बोलत नव्हते. कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी मात्र १९१३ मध्ये एका सत्काराच्या वेळी हा मान खरा बाळूंचा, अशी कबुली मोकळेपणाने दिली होती.

१९२० मध्ये गोष्ट हातघाईवर आली. बाळूंना संघातूनच वगळले गेले आणि कर्णधारपद पुन्हा दुसऱ्याकडेच गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी अंग काढून घेतले. नेतृत्वाचा प्रश्न आला की आमची जात आडवी येते, हे त्यांनी जाहीरपणे मांडले. गांधीजींच्या चळवळीमुळे अस्पृश्यतेचा विषय तेव्हा घरोघर पोचला होता. लोकमताचा दाब आला, भाऊ संघात परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि काही काळ तरी हिंदू संघ बाळूंच्या सांगण्यावरून खेळला. सामना अनिर्णित राहिला, चषक वाटून घ्यावा लागला. त्या वेळी बाळू चव्वेचाळीस वर्षांचे होते. पूर्ण कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही.

१९२१ मध्ये चषक युरोपियनांकडे गेला, १९२२ मध्ये पारशांकडे. मग १९२३ मध्ये हिंदू संघाने विठ्ठल पालवणकर यांना कर्णधार केले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली आणि ज्यांच्या घरात विठ्ठल यांना पाणी मिळाले नसते अशांनी त्यांना खांद्यावर उचलून मिरवले. १९२४ चा चषक मुस्लिम संघाने नेला, पण १९२५ आणि १९२६ मध्ये हिंदू पुन्हा विजयी झाले. १९२६ मध्येच एम.सी.सी.विरुद्ध नायडूंनी अकरा षटकारांसह १५३ धावांची जी खेळी केली, तीही विठ्ठल यांच्याच नेतृत्वाखाली. नायडू, देवधर ही माणसे आधीही होतीच. नवा रत्नहार कुणी आणला नव्हता, मणी ओवणारा हात तेवढा बदलला होता.

बाळू नंतर सार्वजनिक जीवनात आले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. तरुणपणी आंबेडकरांना ज्यांचा अभिमान वाटे, त्यांच्याशीच ही लढत व्हावी, हा काळाचा खेळ. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

हिंदू संघाने बाळूंच्या बोटांचा उपयोग करून घेतला, डोक्याचा केला नाही. हे नुकसान एकट्या बाळूंचे नव्हते. ते सगळ्या संघाचे होते, आणि किती मोठे होते हे विठ्ठल यांच्या तीन विजयांनी दाखवून दिले. पुढच्या हंगामासाठी नवा खेळाडू शोधायला निघालेल्या मंडळींनी निघण्यापूर्वी एकदा आपल्याच संघाकडे नीट पाहावे. ज्याच्यावर आपण जिंकतो, पण ज्याला विचारत नाही, असा एखादा बाळू तिथेच चेंडू हातात घेऊन उभा असेल.