डॉ. पंजाबराव देशमुख : पापळ ते दिल्ली

अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात 27 डिसेंबर 1898 रोजी शामराव व राधाबाई यांच्या पोटी पंजाबरावांचा जन्म झाला. मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख झाले. गावातील शाळा अपुरी पडल्याने चांदूर रेल्वे, कारंजा लाड, अमरावती असे फिरत त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले आणि पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय गाठले. 1920 साली ते विलायतेस गेले. एडिंबरो येथे एम. ए., ऑक्सफर्ड येथे डॉक्टरेट आणि बॅरिस्टरी, एवढे मिळवून 1926 मध्ये ते परतले. त्यांच्या प्रबंधाचा विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा होता. ज्या विद्येवर एका वर्गाने आपला वारसा सांगितला, त्याच विद्येत कुणब्याच्या मुलाने परदेशी पदवी घ्यावी, हे त्या काळी अनेकांच्या पचनी पडले नव्हते, यात आम्हास नवल वाटत नाही.

परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय चालविले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना एका पंगतीचे मोल निराळे समजावून सांगावयास नको. 1927 हे वर्ष वऱ्हाडात अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नाने गाजले. त्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस परिषद भरली. पंजाबरावांनी या चळवळीची बाजू उघडपणे घेतली. देवळाची दारे तेव्हा उघडली नाहीत. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. 1928 मध्ये जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांस खुल्या केल्या. हुकूम निघाला म्हणजे पोहरा पाण्यात पडतोच असे नाही. आमच्या वडीलधाऱ्यांच्या आठवणीतील अनेक विहिरी त्यानंतरही कित्येक वर्षे बंदच होत्या. तरीही जिल्ह्याचा कारभार ज्याच्या हाती आहे त्याने तो हुकूम काढावा, ही गोष्ट लहान नव्हे.

1930 ते 1933 ते मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री होते. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी झालेल्या कर्ज लवाद कायद्यात त्यांचा मोठा वाटा होता. देवस्थानांची संपत्ती लोकहिताकडे वळविण्याचे विधेयक मात्र त्यांना तडीस नेता आले नाही. याच सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली आणि खेड्यांतील मुले शाळेत येऊ लागली.

पुढे ते संविधान सभेत गेले. मागासवर्गीयांना नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून त्यांनी तेथे आग्रह धरला. बाबासाहेब व पंजाबराव दोघेही एका सभागृहात बसून या प्रश्नावर बोलत होते, हे आजच्या पिढीस फारसे ठाऊक नाही. कुणबी आणि महार यांच्यातील गावगाड्याचे अंतर त्यामुळे मिटले नाही, हे इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही लपवीत नाही.

1952, 1957 व 1962 अशा तीन निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठविले. 1952 ते 1962 ते केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. 1955 साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापिला. 1959 च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्यास अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. 10 एप्रिल 1965 रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. पुढे 1969 मध्ये अकोल्यास कृषी विद्यापीठ निघाले आणि त्यास त्यांचे नाव देण्यात आले. आमच्या शाळेचे कित्येक माजी विद्यार्थी त्या विद्यापीठात शिकून आज आपापल्या शेतात आणि कार्यालयांत काम करीत आहेत.