अवकलनाविना कमाल-किमान : मास्टर रामचंद्र यांची गणितसाधना

नवी दिल्ली : फलनाची कमाल किंवा किमान किंमत काढण्यासाठी आजचा विद्यार्थी अवकलनाचा आधार घेतो. आलेख चढायचा थांबून उतरू लागतो, त्या शिखरावर अवकलज शून्य होतो. दिल्ली कॉलेजातील शिक्षक मास्टर रामचंद्र यांनी मात्र १८५० मध्ये केवळ बीजगणिताच्या बळावर अशा प्रश्नांची उत्तरे देणारा ग्रंथ सिद्ध केला.

पानिपत येथे १८२१ मध्ये जन्मलेल्या रामचंद्र यांचे पितृछत्र बालपणीच हरपले. दिल्लीत इंग्रजी शिक्षण घेताना त्यांना काही काळ उदरनिर्वाहासाठी कारकुनी करावी लागली. १८४४ पासून ते दिल्ली कॉलेजात उर्दूतून पाश्चात्त्य विज्ञान शिकवू लागले.

भास्कराचार्यांच्या परंपरेमुळे बीजगणित भारतीयांना जवळचे आहे. त्याच वाटेने विद्यार्थ्याला नव्या गणितापर्यंत न्यावे, ही त्यांची भूमिका होती. उदाहरणार्थ, १० चे दोन भाग करून त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त करायचा आहे. एक भाग क्ष आणि गुणाकार र मानल्यास वर्गसमीकरणातून क्ष ची किंमत ५ अधिक किंवा उणे (२५ – र) चे वर्गमूळ अशी येते. ऋण संख्येला वास्तव वर्गमूळ नसल्याने र २५ च्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजेच दोन्ही भाग ५ असताना गुणाकार सर्वाधिक होतो.

स्वखर्चाने कलकत्त्यात छापलेल्या या ग्रंथाची तेथील समीक्षकांनी उपेक्षा केली. ड्रिंकवॉटर बेथ्यून यांनी मात्र ३६ प्रती विकत घेतल्या आणि काही इंग्लंडला धाडल्या. मदुराईत जन्मलेले लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी ग्रंथाचे मोल ओळखून ईस्ट इंडिया कंपनीकडे पाठपुरावा केला. रामचंद्र यांना खिलत व दोन हजार रुपये मिळाले. १८५९ मध्ये डी मॉर्गन यांच्या प्रस्तावनेसह ग्रंथ लंडनमध्ये पुनर्मुद्रित झाला.

दरम्यान, १८५२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या रामचंद्र यांना १८५७ च्या उठावात जीव वाचवण्यासाठी दिल्ली सोडावी लागली. त्यांच्यासोबत धर्मांतर केलेले डॉ. चिमनलाल मारले गेले. पुढे रामचंद्र यांनी रुडकी व दिल्ली येथे अध्यापन केले, १८६३ मध्ये अवकलनावरही पुस्तक लिहिले आणि पतियाळा संस्थानात शिक्षणकार्य केले. १८८० मध्ये त्यांचे निधन झाले.

वर्गसमीकरणाच्या विवेचकावरून फलनाची सीमा ठरवण्याची रीत आजही शिकवली जाते. तिच्यासोबत रामचंद्र यांचे नाव मात्र क्वचितच घेतले जाते.